लाखामागे किती कैदी?

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फिनलंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे सुमारे २०० माणसे तुरुंगात होती. शेजारच्या स्वीडन, नॉर्वे आणि डेन्मार्कमध्ये तेव्हा हाच आकडा ५० च्या आसपास होता. फिनलंडचे लोक शेजाऱ्यांच्या चौपट गुन्हे करत होते, असे काही नव्हते. १९१८ चे यादवी युद्ध आणि पुढे सोव्हिएत संघाशी झालेली दोन युद्धे यांतून गेलेल्या त्या देशात कायदा कडकच राहिला होता. न्यायाधीशांच्या हाताला लांब शिक्षांचे वळण पडले होते. साध्या चोरीला तुरुंग, दारू पिऊन गाडी चालवली तर तुरुंग. रस्त्यात दारू पिऊन सापडला तर दंड, आणि दंड भरायला पैसे नसले तर पुन्हा तुरुंगच.

१९६० च्या दशकात इंकेरी आंटिला, पात्रिक त्योर्नुद्द यांच्यासारख्या अभ्यासकांनी शेजाऱ्यांचे आकडे समोर ठेवले. आपला देश या बाबतीत इतका वेगळा का, याला पटेल असे उत्तर कुणाकडेच नव्हते. ही लाजेची गोष्ट आहे यावर अभ्यासक, अधिकारी आणि राजकारणी यांचे बऱ्यापैकी एकमत झाले आणि कामाला सुरुवात झाली. १९६९ मध्ये सार्वजनिक ठिकाणी दारू पिऊन असणे हा गुन्हा राहिला नाही. सत्तरच्या दशकात चोरीच्या शिक्षा कमी केल्या, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना तुरुंगाऐवजी स्थगित शिक्षा आणि दंड होऊ लागला, पॅरोलसाठी आत काढायचा किमान काळ टप्प्याटप्प्याने घटवला. नव्वदच्या दशकात समाजसेवेची शिक्षा आली. तोवर फिनलंड शेजाऱ्यांच्या पातळीवर, लाखामागे ६० च्या घरात आले होते. या सगळ्या काळात फिनलंडमधल्या गुन्ह्यांचा आलेख शेजारी देशांच्या आलेखासारखाच चढला आणि तसाच स्थिरावला. तुरुंग निम्म्याहून अधिक रिकामे झाले म्हणून तो वेगळीकडे गेला नाही.

देशादेशांतल्या कैद्यांच्या प्रमाणाबद्दल मला जे म्हणायचे आहे त्याचा गाभा या उदाहरणात आहे. लाखामागे किती माणसे कोंडली आहेत, हा आकडा समाजात गुन्हे किती होतात त्यावरून आपोआप ठरत नाही. विधिमंडळ, पोलीस, सरकारी वकील आणि न्यायाधीश यांनी वर्षानुवर्षे घेतलेल्या निर्णयांची ती बेरीज असते, आणि म्हणून ती बदलताही येते. देशांची तुलना करायची ती एवढ्यासाठी. आपण मात्र ती बहुतेक वेळा क्रमवारी लावण्यासाठी करतो.

लंडनच्या बर्कबेक विद्यापीठातला 'वर्ल्ड प्रिझन ब्रीफ' हा प्रकल्प अनेक वर्षे ही माहिती गोळा करतो आहे. त्यांच्या हिशोबाने जगात १ कोटी १० लाखांहून अधिक माणसे तुरुंगात आहेत. जगाची सरासरी लाखामागे १४० च्या आसपास. वरच्या टोकाला हजाराच्या पुढे गेलेला मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर, त्याखाली क्युबा, रवांडा, मग पाचशेच्या वर असलेली अमेरिका. खालच्या टोकाला तिशीतला जपान आणि चाळिशीतला भारत. ही यादी पाहून कुणी म्हणतो, वरचे देश गुन्हेगारांचे. दुसरा म्हणतो, वरचे देश क्रूर आणि खालचे दयाळू. दोन्ही वाचने घाईची आहेत.

हा आकडा बनतो कसा, ते आधी पाहू. एखाद्या दिवशी तुरुंगात किती माणसे आहेत हे दोन गोष्टींवर ठरते: वर्षभरात किती जण आत येतात आणि आलेला सरासरी किती काळ राहतो. वर्षाला बाराशे माणसे महिनाभरासाठी आत गेली तर कोणत्याही दिवशी शंभर सापडतील. वर्षाला शंभरच माणसे गेली आणि प्रत्येक जण वर्षभर राहिला तरीही शंभरच सापडतील. यादीत हे दोन देश शेजारी बसतील, पण एकाने बाराशे घरांना तुरुंगाची ओळख करून दिलेली असेल आणि दुसऱ्याने शंभर. नॉर्डिक देशांत शिक्षा छोट्या असतात, पण त्या बऱ्याच जणांना होतात. पोर्तुगालमध्ये आत जाणारे कमी, पण गेलेला माणूस लवकर बाहेर येत नाही. यांतले अधिक कठोर कोण, हे लाखामागचा आकडा सांगू शकत नाही.

मुदत वाढवली की काय होते याचा सगळ्यात मोठा धडा अमेरिकेने दिला. १९२० च्या दशकापासून १९७० च्या सुरुवातीपर्यंत तिथल्या राज्यांच्या आणि केंद्राच्या तुरुंगांतल्या कैद्यांचे प्रमाण लाखामागे ११० च्या आसपास रेंगाळत होते. ते इतके स्थिर होते की १९७३ मध्ये आल्फ्रेड ब्लूमस्टीन आणि जॅकलिन कोहेन यांनी एक सिद्धान्तच मांडला: समाज शिक्षेचे प्रमाण एका पातळीवर टिकवून धरतो, गुन्हे वाढले तर सौम्य गुन्ह्यांकडे काणाडोळा करतो, कमी झाले तर बारीकसारीक गोष्टींनाही शिक्षा देतो. त्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांचे अमली पदार्थविरोधी कायदे आले. काही औंस अमली पदार्थ विकला किंवा जवळ सापडला तर किमान पंधरा वर्षे, कमाल जन्मठेप. १९८६ मध्ये केंद्राने कायदा करून क्रॅक कोकेनच्या (धूर ओढून घ्यायच्या स्वस्त कोकेनच्या) एका ग्रॅमला पावडर कोकेनच्या शंभर ग्रॅमइतके वजन दिले. क्रॅक प्रामुख्याने गरीब काळ्या वस्त्यांत पकडले जात होते. १९९४ मध्ये कॅलिफोर्नियाने आधी दोन गंभीर गुन्हे असलेल्याला तिसऱ्या गुन्ह्यासाठी किमान पंचवीस वर्षांची तरतूद केली, मग तो तिसरा गुन्हा किरकोळ चोरीचा का असेना. २००८ पर्यंत अमेरिकेत, स्थानिक जेल (खटल्याआधीचे आणि छोट्या शिक्षांचे कैदी ठेवायच्या जागा) धरून, सुमारे २३ लाख माणसे बंदिस्त होती.

यामागे वाढलेले गुन्हे किती आणि बदललेले धोरण किती? त्याच ब्लूमस्टीन यांनी १९९९ मध्ये अ‍ॅलन बेक यांच्यासह हा हिशोब केला. १९८० ते १९९६ या काळातल्या वाढीपैकी सुमारे ८८ टक्के वाटा अधिक लोकांना तुरुंगात पाठवण्याचा आणि अधिक काळ ठेवण्याचा होता. गुन्हे वाढल्याचा वाटा सुमारे १२ टक्के. आपलाच सिद्धान्त काळाने खोडल्यावर तो का खोडला गेला हे शोधायला पुन्हा बसणारा संशोधक मला फार मोलाचा वाटतो.

इथे शेजारी ठेवायचा देश कॅनडा. साठच्या दशकापासून दोन्ही देशांत गुन्हे वाढले आणि नव्वदच्या दशकात दोन्हीकडे घटले. खुनांचे आलेख तर एकमेकांच्या पावलावर पाऊल ठेवून चालतात, फक्त कॅनडाचा बराच खालून. अमेरिकेने या काळात कैद्यांचे प्रमाण चौपटीहून वर नेले, कॅनडाचे शंभराच्या आसपासच राहिले. नव्वदच्या दशकातली घट फक्त तुरुंगांमुळे झाली असे म्हणणाऱ्याला कॅनडातली घट कशामुळे झाली, हे सांगावे लागेल. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१४ मध्ये या साऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला. तिचा निष्कर्ष असा की, तुरुंगवाढीमुळे गुन्हे किती कमी झाले हे नेमके ठरवता येत नाही, पण तो परिणाम मोठा असण्याची शक्यता कमी आहे. लांब शिक्षांचा धाक फार थोडा असतो, आणि माणूस वय वाढेल तसा गुन्ह्यापासून दूर जातोच.

आता आकड्यांच्या खरेपणाविषयी. २०१४ च्या सुमारास जगाच्या यादीत सेशेल्स हा बेटांचा देश सर्वांत वर पोचला होता. लोकसंख्या नव्वद हजारांच्या आसपास, कैदी जेमतेम सातशेच्या वर, आणि त्यांत समुद्रात पकडलेले सोमाली चाचेही होते. चीनचा अधिकृत आकडा पाहिला तर तो फक्त शिक्षा झालेल्यांचा असतो. खटल्याआधी कोठडीत असलेले आणि शिनजियांग प्रांतातल्या छावण्यांत डांबलेले उइघुर मुस्लिम त्यात नाहीत. उत्तर कोरियाचा आकडा यादीत नसतोच. रशियात शतकाच्या सुरुवातीला दहा लाखांच्या आसपास कैदी होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या उपन्यायमंत्र्यांनी सांगितले की शिक्षा भोगणाऱ्यांच्या वसाहतींत आता २ लाख ६६ हजार माणसे उरली आहेत आणि ही आजवरची सर्वांत कमी संख्या आहे. घट आधीपासून चालू होती हे खरे, पण २०२२ पासून हजारो कैदी युक्रेनच्या आघाडीवर नेले गेले. क्रमवारीत रशिया खाली सरकला. याला सुधारणा म्हणणार का?

आणखी एक शंका फारशी कुणी घेत नाही. माणसे फक्त तुरुंगातच कोंडली जातात असे थोडेच आहे. १९३९ मध्ये लायनेल पेनरोझ यांनी युरोपातल्या १८ देशांची माहिती तपासून दाखवले की, जिथे मनोरुग्णालयांत जास्त माणसे तिथे तुरुंगांत कमी, आणि उलट. कारण-परिणामाचे नाते इतके सरळ नसेलही. पण अमेरिकेने विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मनोरुग्णालये रिकामी केली, बाहेर उपचारांची सोय पुरेशी उभारली नाही, आणि आज तिथल्या कित्येक मोठ्या जेलमध्ये मानसिक आजार असलेली शेकडो माणसे पडून आहेत. दोन काळांची किंवा दोन देशांची तुलना करताना हे दुसरे दारही पाहायला हवे.

सगळ्यात जास्त फसवणूक कमी आकड्यांत आहे, आणि मला त्यावर जरा थांबून बोलायचे आहे.

जपान घ्या. तिशीतला आकडा, खून जवळपास नाहीत, रस्ते सुरक्षित. सरकारी वकील अनेक प्रकरणांत खटला न भरताच माणसाला सोडून देतात, आणि ही त्या व्यवस्थेतली खरोखर चांगली गोष्ट आहे. पण आरोप ठेवण्याआधी एखाद्याला २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवून चौकशी करता येते, वकील शेजारी नसताना. गुन्हा नाकारणाऱ्याला जामीन मिळणे अवघड जाते. खटला उभा राहिला की ९९ टक्क्यांहून अधिक वेळा शिक्षा होते. इवाओ हाकामादा या माजी मुष्टियोद्ध्याला १९६६ मध्ये चौघांच्या खुनासाठी अटक झाली. वीसएक दिवस रोज तासन्‌तास चौकशी झाल्यावर त्याने कबुली दिली आणि न्यायालयात ती मागे घेतली. १९६८ मध्ये त्याला फाशी सुनावली गेली. २०१४ मध्ये तो तुरुंगाबाहेर आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये निर्दोष सुटला. पुरावे बनवलेले होते, असे न्यायालयाने म्हटले. जवळपास अर्धे शतक हा माणूस जपानच्या त्या हेवा वाटणाऱ्या आकड्यात एक म्हणून मोजला जात होता.

भारताचे प्रमाणही असेच कौतुकाने सांगितले जाते. लाखामागे चाळीस-बेचाळीस, अमेरिकेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२ कच्चे कैदी होते. म्हणजे दर चार कैद्यांपैकी तिघांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता. शिक्षा झालेल्यांपुरते पाहिले तर भारताचे प्रमाण लाखामागे दहाच्या आसपास येते. इतक्या कमी माणसांना शिक्षा देणारा देश इतक्या जास्त माणसांना खटल्याची वाट पाहत बसवतो, तेव्हा शिक्षा निकालाने होत नाही, अटकेने होते. कुणाला व्हायची हे बऱ्याचदा जामीनदार कोण देऊ शकतो यावर ठरते. आदिवासी, दलित आणि मुस्लिम कैद्यांचे प्रमाण त्यांच्या लोकसंख्येतल्या वाट्याहून जास्त आहे, हे याच अहवालांतून वर्षानुवर्षे दिसते. १९७९ मध्ये हुसैनारा खातून खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर बिहारमधली अशी माणसे आली, ज्यांच्यावरच्या आरोपाला जेवढी कमाल शिक्षा होती त्याहून अधिक काळ त्यांनी खटल्याविनाच आत काढला होता. जलद खटला हा जगण्याच्या अधिकाराचाच भाग आहे, असे न्यायालयाने तेव्हा सांगितले. त्याला चार दशके उलटून गेली.

देशाची सरासरी आतली विषमताही झाकते. ऑस्ट्रेलियाचे प्रमाण जगाच्या सरासरीच्या आगेमागेच आहे. त्यावरून त्या देशाबद्दल कुणाच्या मनात काही येणार नाही. मूळनिवासी लोक तिथे लोकसंख्येच्या चार टक्क्यांहून कमी, कैद्यांमध्ये मात्र एक तृतीयांश. १९९१ मध्ये कोठडीत झालेल्या ९९ मूळनिवासींच्या मृत्यूंची चौकशी करून एका शाही आयोगाने ३३९ शिफारशी केल्या. तुरुंग हा शेवटचा उपाय असावा, ही त्यांतली महत्त्वाची. तेव्हा कैद्यांमध्ये त्यांचा वाटा सुमारे १४ टक्के होता. शिफारशींनंतर तो दुपटीहून जास्त झाला. अमेरिकेतही एकाच झेंड्याखाली लुइझियाना आणि मॅसॅच्युसेट्स यांच्या आकड्यांत दोन वेगळ्या खंडांइतके अंतर आहे.

आता माझ्या म्हणण्याला सगळ्यात जड जाणारे उदाहरण, एल साल्वादोर. २०१५ मध्ये तिथे लाखामागे शंभराहून अधिक खून होत होते. मार्च २०२२ मध्ये एका शनिवार-रविवारच्या आगेमागे टोळ्यांनी ८७ माणसे मारली आणि राष्ट्राध्यक्ष नायिब बुकेले यांनी आणीबाणी लागू केली, जी महिन्या-महिन्याने वाढत राहिली. ऐंशी हजारांहून अधिक माणसे पकडली गेली. २०२४ मध्ये खुनांचे अधिकृत प्रमाण लाखामागे दोनच्या खाली आले. ज्या आईला मुलगा टोळीत ओढला जाईल ही धास्ती होती, ज्या दुकानदाराला दर आठवड्याला खंडणी भरावी लागत होती, त्यांना मिळालेला दिलासा खरा आहे. तो नाकारणाऱ्या टीकेला मी साथ देणार नाही.

पण काही गोष्टी त्या शेजारी ठेवाव्या लागतात. खुनांचे प्रमाण २०१५ पासूनच झपाट्याने घसरत होते आणि आणीबाणीच्या आधीच्या वर्षी वीसच्या खाली आले होते. पकडलेल्यांपैकी हजारो लोक निर्दोष म्हणून सोडावे लागले, हे सरकारनेच मान्य केले. कोठडीतल्या अडीचशेहून अधिक मृत्यूंची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे. २०२३ च्या कायद्याने एकाच खटल्यात नऊशेपर्यंत आरोपी उभे करता येतात. नऊशेंमधला कोण टोळीतला आणि कोण नुसता त्या गल्लीत राहणारा, हे असा खटला ठरवू शकत नाही. पुढे टोळ्या संपल्या तरी ज्याला कुणालाही उचलता येते असे पोलीसदल आणि त्याला न अडवणारी न्यायालये तिथे उरणार आहेत. होंडुरासने २०२२ च्या अखेरीस हाच मार्ग धरला, त्याला तसे फळ आले नाही. इक्वेडोरमध्ये तर तुरुंगच टोळ्यांच्या ताब्यात होते. २०२१ मध्ये ग्वायाकिलच्या तुरुंगात एकाच दंगलीत शंभराहून अधिक कैदी मारले गेले.

ब्राझीलचा अनुभव तर आणखी बोलका आहे. १९९० मध्ये तिथे नव्वद हजारांच्या आसपास कैदी होते, पुढच्या तीन दशकांत ही संख्या सहा लाखांच्या पुढे गेली. १९९२ मध्ये साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात पोलिसांनी बंड मोडताना १११ कैद्यांना ठार केले. त्यानंतरच्या वर्षी ताउबाते इथल्या तुरुंगात काही कैद्यांनी स्वतःच्या संरक्षणासाठी 'पीसीसी' ही संघटना काढली. आज ती दक्षिण अमेरिकेतल्या सर्वांत बलाढ्य गुन्हेगारी टोळ्यांपैकी एक आहे. सरकारने पाठवलेला प्रत्येक नवा तरुण कैदी तिच्या दाराशी आयताच पोचत होता. गुन्हेगारी कमी करायला भरलेले तुरुंग गुन्हेगारीची भरती करू लागले, आणि लाखामागचा आकडा मात्र 'कठोर सरकार' म्हणून वाढत राहिला.

याचा अर्थ तुरुंग नकोत असा मी काढत नाही. काही माणसांपासून इतरांना वाचवावेच लागते. नेदरलँड्सने २००५ नंतरच्या दशकात आपले प्रमाण जवळपास निम्म्यावर आणले, रिकामे तुरुंग बेल्जियम आणि नॉर्वेला भाड्याने दिले. स्वीडन याच काळानंतर टोळ्यांच्या गोळीबाराने हादरले, शिक्षा वाढवल्या, आणि २०२५ मध्ये एस्टोनियातल्या कोठड्या भाड्याने घेण्याचा करार केला. स्वीडनमधल्या ज्यांची मुले रस्त्यावर गोळ्यांना बळी पडली, त्यांना कडक शिक्षा हव्याशा वाटल्या तर त्यात गैर काही नाही. मला एवढेच हवे आहे की, असे निर्णय घेताना हे निर्णय आहेत याची जाण असावी, आणि किती जण आत जातील, किती काळ, निकालाआधी किती, आणि ते कोणत्या वस्तीतले, हे चारही आकडे लाखामागच्या एका आकड्याबरोबर छापले जावेत.

भारतापुरते हे करून पाहता येते. २०२२ च्या अखेरीस तुरुंगांची क्षमता ४,३६,२६६ होती, म्हणजे शंभरांच्या जागेत १३१ माणसे. उपाय म्हणून नवे तुरुंग बांधण्याच्या घोषणा होतात. पण कच्च्या कैद्यांपैकी फक्त एक तृतीयांश, म्हणजे सुमारे १ लाख ४५ हजार जण जामिनावर बाहेर आले तर उरलेले कैदी आजच्या क्षमतेत मावतात, एक वीटही न रचता. कायदा त्यासाठी नव्याने करावा लागणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४७९ सांगते की, पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश आणि इतरांनी निम्मा काळ काढला की त्यांना सोडावे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून अधिक खटले असलेले आरोपी यातून वगळले आहेत. तसा अर्ज न्यायालयाकडे करण्याची जबाबदारी तुरुंग अधीक्षकांवर टाकली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही लागू केली. प्रत्येक तुरुंगातून या कलमाखाली किती अर्ज गेले, किती मंजूर झाले आणि मंजूर होऊनही जामीनदाराअभावी किती जण आतच राहिले, हे दर महिन्याला जाहीर करायला सांगणे, एवढी मागणी आजच करता येईल.